४/४ मध्ये सम कुठे असते? (पेटी कानाने, नोटेशन शून्य)

टाळकरी

मंडळी, नमस्कार. या विभागात आजवर नुसता वाचक होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे उत्तर कुठून सुरू करायचं ते तुम्हाला कळेल. गाव बार्शीजवळ, घरात वारी. टाळ हातात कधी आला ते आठवतही नाही. पेटी शाळेत असल्यापासून. कुणी समोर बसवून शिकवली नाही, मंडळात बुवांच्या मागे बसून बोटं फिरवत गेलो. काळी एकची पट्टी, म्हणजे सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, ते आपलं घर. चाल एकदा ऐकली की दुसऱ्या चरणाला पेटीवर उतरते. भजनी ठेका, धुमाळी, दादरा, केरवा हातावर पक्के आहेत. सोळा मात्रांचा तीनतालही मोजता येतो, पण आमच्या मंडळात त्याला विचारतो कोण!

आता नोकरी चाकणला, राहायला चिंचवडात. मुलगी तिसरीत आहे, तिला की-बोर्डच्या क्लासला घातलंय. तिथे ब्रिटिश परीक्षांचं पुस्तक चालतं, ते पाच रेघांवर अंडी घातल्यासारखं दिसतं ते. ती झोपली की रात्री हेडफोन लावून मीच पुस्तक उघडून बसतो. वाटलं होतं, सूर कळतो, ताल कळतो, महिन्याभरात वाचायला लागू. कसलं काय. मुलगी पानावर बोट ठेवून टकाटका वाजवते आणि मी रेघा मोजत बसतो.

गोंधळ असे आहेत.

पुस्तकात सुरुवातीला ४/४ लिहिलंय. चार मात्रा, म्हणजे चार ठोके, ठीक. मग उभी रेघ आली की पुन्हा एक-दोन-तीन-चार. म्हणजे दर चार मात्रांनी सम, तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा? आणि खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा, कुठाय? चार मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा अख्खा फेरा, तर मला श्वास घ्यायला जागाच नाही असं वाटतं.

दुसरं, टिंब असलेला काळा गोळा आणि त्याच्या मागे शेपटीवाला गोळा. क्लासच्या मॅडम म्हणतात ‘दीड आणि अर्धा’. हिशोब कळतो, हाताला कळत नाही. कधी पहिला सूर दोन मात्रा होतो, कधी दोन्ही एकेक.

तिसरं, नावं. पुस्तकात क्रॉचेट आणि क्वेव्हर, यूट्यूबवर क्वार्टर नोट आणि एट्थ नोट. एकच आहेत की वेगळे?

आणि चौथं म्हणजे सा. पुस्तकातली पहिली पट्टी सी, म्हणजे पांढरी एक. माझं डोकं ‘सा’ म्हटलं की काळी एक शोधतं. मी मनात सगळं सारेगममध्ये फिरवून मग वाजवतो आणि तोवर लय पुढे निघून जाते.

आपली भातखंडे लिपीच, सारेगममध्ये सूर लिहायची, आधी शिकू का? की या वयात हा नाद सोडून मुलीला चहा-बिस्किटं देत बसू?

खर्ज

टाळकरीबुवा, एकदा ऐकलेली चाल ज्याच्या पेटीवर उतरते त्याने कागदाच्या मागे का लागावं? आपली विद्या गुरुमुखी. कागदावर बंदिशीचा सांगाडा राहतो, जीव राहत नाही. पाच रेघांवर लिहिलेली मींड, सुरावरून सुरावर सलग घसरत जाणं, कधी पाहिलीय? मुलीला शिकू द्या, तुम्ही भजन करा.

टाळकरी

खर्ज, तुमचं पटतं, पण अर्धंच. ऐकलेलं मला येतं. न ऐकलेलं येत नाही. कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेली चाल, जी मला गाऊन दाखवायला माणूस नाही, ती कागदावरून आपली आपण वाजवता यावी एवढीच हौस आहे. मींडेचं म्हणाल तर पेटीवर तशीही निघत नाही.

फोंडेकर

टाळकरी, नाद मुळीच सोडू नका. मी फोंड्याचा. घरात देवळातलं भजन आणि सुवारी, म्हणजे आमचं घुमटवादन, आणि व्हायोलिन शिकलो ते मात्र पणजीत, पाच रेघांवरून. त्यामुळे तुमच्या चारही गोंधळांतून मी उलटसुलट फिरून आलोय. सविस्तर लिहितो.

४/४ मधला वरचा आकडा म्हणजे एका घरात किती मात्रा. खालचा आकडा म्हणजे कुठल्या चिन्हाला एक मात्रा धरायची. खाली ४ असेल तर भरीव गोळा आणि काठी, म्हणजे क्रॉचेट, ही एक मात्रा. खाली ८ असेल तर शेपटीवाला क्वेव्हर ही एक मात्रा. दोन उभ्या रेघांमधल्या घराला बार म्हणतात आणि तुमचा घोटाळा इथेच होतोय. बार म्हणजे आवर्तन नव्हे. तो फार तर आपल्या तालातल्या खंडाएवढा, फेऱ्याच्या एका भागाएवढा असतो. पहिल्या मात्रेवर जरा वजन पडतं, तिसरीवर त्याहून कमी, बस्स. तिथे ‘आलो!’ म्हणून मान हलवायची नसते. श्वास घ्यायची जागा बारच्या रेघेवर शोधू नका, ओळीच्या शेवटी शोधा. सोप्या गाण्यांत बहुतेकदा चार बारांची एक ओळ होते. चार चोक सोळा होतात हे खरं, पण म्हणून त्यावर तीनताल बसवायला जाऊ नका. पुढच्या पुस्तकांत मध्येच ४/४ चं ३/४ होईल, तेव्हा तुमचा तीनताल रस्त्यात उभा राहील.

आता टिंब. टिंब म्हणजे आधीच्या किमतीत तिची निम्मी भर. क्रॉचेट एक, टिंबासकट दीड. मिनिम, म्हणजे पोकळ गोळा आणि काठी, दोन, टिंबासकट तीन. हा हिशोब तुम्हाला कळलाय, हाताचं बोलू. मुलीची गणिताची चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे अर्धी मात्रा. ४/४ च्या एका बारला आठ चौकटी. त्यावर आकडे असे लिहा: एक, नि, दोन, नि, तीन, नि, चार, नि. आता दीड मात्रेचा सा आणि अर्ध्या मात्रेचा रे:

सा – – रे

पहिल्या चौकटीत सा, दोन रेघा, चौथ्या चौकटीत रे. म्हणजे ‘एक’वर सा वाजला, ‘नि’ गेला, ‘दोन’ गेला, दुसऱ्या ‘नि’वर रे. तुमचा हात चुकतो तो ‘दोन’वर. त्या मात्रेवर काहीच नवीन वाजत नाही आणि टाळ वाजवणाऱ्या माणसाला रिकाम्या मात्रेवर हात आवरणं जड जातं. तेव्हा आवरूच नका. पाय प्रत्येक मात्रेला आपटत राहा, तोंडाने मोठ्याने ‘एक नि दोन नि’ म्हणा, टाळी मात्र सूर असेल तिथेच द्या. पाय म्हणजे तुमचा टाळ आणि हात म्हणजे चाल. मोठ्याने म्हणजे खरोखर मोठ्याने. मनातल्या मनात मोजणारा माणूस अवघड जागी हळू मोजतो आणि त्याला ते कळतही नाही. एक ते चार हे आपले आकडे एकेका झटक्यात म्हणता येतात, त्याचा फायदा घ्या. (६/८ आलं की ‘सहा’ थोडा आडवा येतो. मी ‘स’ एवढंच म्हणतो.)

भातखंडे लिपीत हेच दोन मात्रांत लिहितात: पहिल्या मात्रेत सा, दुसऱ्या मात्रेत ‘–रे’, आणि त्या ‘–रे’खाली एक चंद्रकोर, म्हणजे हे दोन्ही मिळून एक मात्रा. गोष्ट तीच. त्यामुळे आधी भातखंडे की आधी पाच रेघा, हा वाद घालू नका. पुस्तक जे समोर आहे ते वाचा, अडेल तो बार चौकटींत उतरवून बघा.

नावं दोन्ही एकच. ब्रिटिश पद्धतीत सेमीब्रीव्ह, मिनिम, क्रॉचेट, क्वेव्हर, सेमीक्वेव्हर. अमेरिकन पद्धतीत होल, हाफ, क्वार्टर, एट्थ, सिक्स्टीन्थ. खालचा ४ किंवा ८ हा आकडा या अमेरिकन नावांतून लगेच उमगतो: पूर्ण सुराचा चौथा भाग, आठवा भाग. पुस्तक ब्रिटिश असलं तरी मनात अमेरिकन नावं ठेवली तर हिशोब सोपा जातो, असं माझं मत.

आता सा. आमच्याकडे पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फेज शिकवत. वाद्य हातात यायच्या आधी हाताने ताल देत सुरांची नावं म्हणायची: दो, रे, मी. तिथे दो म्हणजे सी, कायमचा. गाण्याची पट्टी कुठलीही असो, दो हलत नाही. आपला सा हलतो. मी घरी हलता सा आणि क्लासात न हलणारा दो घेऊन वाढलो, आणि दोन्ही एका डोक्यात नीट नांदतात, फक्त कामं वेगळी द्यावी लागतात. वाचताना सारेगम नाही. कागदावरच्या त्या जागेचा गोळा म्हणजे की-बोर्डवरची ती पट्टी, मध्ये दुभाष्या नको. वाजवून झालं की मग विचारा, या गाण्याचा सा कुठे आहे? ते ऐकण्याचं काम आहे, वाचण्याचं नाही. आणि काळी एकवरून सुरुवात का नाही म्हणाल, तर तिथून शुद्ध सप्तक लिहायला सुरुवातीलाच पाच फ्लॅट, म्हणजे सूर उतरवायच्या खुणा, मांडावे लागतात. पांढरी एकवर एकही लागत नाही. त्यात पट्टीच्या थोरवीचा काही संबंध नाही. फारच अस्वस्थ वाटलं तर की-बोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं ते एकने वर करा, बोट पांढरी एकवर आणि आवाज काळी एकचा. मुलीबरोबर वाजवताना मात्र शून्यावर आणा, नाहीतर घरात भांडण.

रेघा मोजायच्या नाहीत. खालून पहिली, दुसरी, तिसरी असं मोजत गेलात तर पन्नाशीपर्यंत मोजतच बसाल. इंग्रजी वाक्यं पाठ करून रेघांची नावं आठवायची पद्धत आहे, ती मला पटत नाही, दर सुराला अख्खं वाक्य म्हणायला वेळ कुणाला? दोन जागा डोळ्यांत पक्क्या करा. ओळीच्या सुरुवातीला असलेल्या चिन्हाचं, ट्रेबल क्लेफचं, वेटोळं खालून दुसऱ्या रेघेला गुंडाळलेलं असतं, तो जी. आणि पाच रेघांच्या खाली छोट्याशा तुकड्यावर बसलेला, तो मधला सी. बाकी सगळं त्यांच्यापासून वर-खाली अंतराने: रेघेवरून शेजारच्या फटीत गेलात तर एक पायरी, रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलात तर एक स्वर सोडून. सा-रे आणि सा-ग. हे अंतर तुमच्या कानाला लहानपणापासून माहीत आहे, फक्त डोळ्याची ओळख करून द्यायची आहे. आणि गोळ्यांवर सारेगम किंवा बोटांचे आकडे पेन्सिलीने लिहू नका. लिहिलंत की डोळे तेच वाचतात.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुमची खरी अडचण तुमचा कान आहे. चाल दुसऱ्या वेळी येते म्हणता ना? म्हणजे तुम्ही धडा एकदाच वाचता. दुसऱ्या वेळी कान वाजवतो, डोळे कागदावर नुसते ठेवलेले असतात. ज्याला कान नाही तो बिचारा दहाही वेळा वाचतो, आणि म्हणून तुमच्याआधी वाचायला शिकतो. तेव्हा एक गाणं घोटत बसू नका. अगदी सोपी, पण न ऐकलेली चार-चार बारांची गाणी रोज नवी घ्या. आधी फक्त टाळ्या, मग लयीत सुरांची नावं, मग वाजवायचं, मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठ किंवा त्याहून खाली, आणि चुकलं तरी थांबायचं नाही. एक-दोनदा वाजवलं की ते पान उलटा. आणि मुलीला ‘आधी तू वाजवून दाखव’ असं चुकूनही म्हणू नका. तुम्ही म्हणत असणार, खात्री आहे.

खर्ज, एक तुमच्यासाठी. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वाद्यवृंद उभे राहिले तेव्हा संगीतकार सारेगममध्ये चाल सांगत आणि आमचे गोंयकार ती पाच रेघांवर उतरवून चाळीस-पन्नास वादकांपुढे ठेवत. सॅबेस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनसाठी हेच केलं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले, तेही याच कागदवाल्यांतले. त्या गाण्यांत जीव नाही असं म्हणायचं असेल तर म्हणा.

टाळकरी

फोंडेकर, दंडवत. शेवटचा परिच्छेद वाचून चपापलो. मुलीला मी रोज तेच म्हणतो.

अटलांटिककाठ

फोंडेकरांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी न्यू जर्सीत, मुळची कोल्हापूरची, गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा परीक्षेपर्यंत गायन. मुलगा शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो म्हणून मलाही हे सगळं उतारवयात शिकावं लागतंय.

मोजण्याबद्दल थोडी भर. इथे धाकट्या मुलांना एका मात्रेला ‘ता’ आणि दोन अर्ध्या मात्रांना ‘ती-ती’ असं शिकवतात. मोठ्या वर्गांत एका मात्रेचे चार तुकडे ‘वन-ई-अँड-अ’ असे मोजतात, ते माझ्या जिभेवर कधीच बसलं नाही. मग कळलं की इथल्या संगीत शिक्षकांत ‘तकदिमि’ नावाची एक पद्धत आहे, १९९० च्या दशकात मांडलेली आणि नावातच कर्नाटक संगीतातले बोल घेतलेली. पूर्ण मात्रा ‘त’, दोन भाग ‘त-दि’, चार भाग ‘त-क-दि-मि’, तीन भाग ‘त-कि-द’. आपल्या पोराला आपलेच बोल अमेरिकेच्या मार्गाने! टाळकरींचा टिंबवाला तुकडा यात ‘त – – दि’ असा पडतो. म्हणून बघा, मला तरी ‘एक नि’पेक्षा हे सोपं गेलं.

आणि सा-वरून एक मजा. ट्रम्पेटच्या कागदावर सी लिहिलेला असतो, पोरगं सी वाजवतं आणि पेटीवर तपासाल तर काळी पाच वाजते! वाद्यच बी फ्लॅटचं. त्याच्यासाठी लिहिताना सगळं एक स्वर वर लिहायचं. हलता सा त्यांच्याकडेही आहे, फक्त वाद्यात लपवून ठेवलाय.

खाली-भरी

मी तबला शिकवतो, नाशिक. फोंडेकरांशी एका मुद्द्यावर किंचित मतभेद नोंदवतो. ४/४ मध्ये खाली लिहिलेली नसते हे बरोबर, पण टाळकरींच्या हाताला आधार हवा असेल तर देता येतो. केरव्याचे आठ बोल घ्या, धा गे ना ती न क धी ना, आणि प्रत्येक बोलाला क्वेव्हर धरा. आठ क्वेव्हर म्हणजे बरोबर ४/४ चा एक बार. धा पहिल्या मात्रेवर येतो, आणि खाली जिथे येते, पाचव्या बोलावर, ती त्यांची तिसरी मात्रा. वजनही तसंच: पहिलीवर पूर्ण, तिसरीवर हलकं. नवीन गाणं वाजवायच्या आधी मी विद्यार्थ्यांना त्यावर केरवा धरायला लावतो. ताल म्हणून नाही, पायाखाली जमीन म्हणून.

दुसरं, टाळकरी लवकरच ६/८ ला पोचतील तेव्हा सांगतो. ३/४ मध्ये तीन क्रॉचेट म्हणजे सहा क्वेव्हर. ६/८ मध्येही सहा क्वेव्हर. मग फरक काय? शेपट्या जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या बघा. ३/४ मध्ये दोन-दोन-दोन अशा बांधलेल्या दिसतील, ६/८ मध्ये तीन-तीन. तीन-तीन म्हणजे हातावरचा दादरा: पहिल्यावर टाळी, चौथ्यावर खाली. धा धी ना, धा ती ना. लय वाढली की सहा मोजू नका, दोनच मोजा, आणि प्रत्येक मोजणीत तीन बोल. ज्याला दादरा येतो त्याला ६/८ शिकवावा लागत नाही, फक्त सांगावं लागतं.

तसंच दुगुन, तिगुन, चौगुन. प्रारंभिकच्या परीक्षेपासूनच आपण हातावर टाळी-खाली ठेवून ठेका दुगुनीत म्हणायला लावतो. हात मात्रेवर, तोंड दुप्पट. क्वेव्हर म्हणजे दुगुन, सेमीक्वेव्हर म्हणजे चौगुन, आणि तीन सुरांवर ३ चा आकडा दिसला की तिगुन. पाश्चात्त्य शिकणाऱ्या मुलांना तो ३ बघून घाम फुटतो. दादऱ्याची एक बाजू एका टाळीत म्हणा, झालं.

खर्ज

फोंडेकर, टोला पोचला. :) हरकत मागे घेत नाही, पण थोडी आवरती घेतो.

विषय निघालाच आहे तर एक विचारून घेतो. आजोबांची एक जुनी, हाताने उतरवलेली बंदिशींची वही आहे. सुरांच्या डोक्यावर कुठे टिंब, कुठे उभी रेघ. टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक धरून गाऊन बघितलं तर आवाज फाटतो आणि बंदिश वेडीवाकडी होते. तालाच्या जागी १ आणि + अशा खुणा आहेत. हे काय प्रकरण आहे?

खाली-भरी

खर्ज, आजोबा पलुस्कर पद्धतीने लिहीत होते. विष्णु दिगंबरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेची ही लिपी. भातखंड्यांच्या लिपीत डोक्यावर टिंब म्हणजे तार आणि खाली टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक. पलुस्कर लिपीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं आणि तारासाठी डोक्यावर उभी रेघ. तुम्ही मंद्र सप्तक तारात गात होतात, आवाज फाटणारच. भातखंडे समेला × आणि खालीला ० लिहितात, पलुस्कर समेला १ आणि खालीला +. सुराखाली आडवी रेघ दिसली तरी जपून. भातखंडे लिपीत ती कोमलची खूण, पलुस्कर लिपीत एका मात्रेची. अर्ध्या मात्रेला तिथे शून्य असतं. हे धरून पुन्हा गाऊन बघा आणि जमलं तर वहीचे फोटो काढून ठेवा, अशा वह्या वाळवी खाते.

टाळकरी

आठवडाभर फोंडेकरांच्या सांगण्याप्रमाणे केलं. मेट्रोनोम, पाय, मोठ्याने मोजणी. बायको म्हणते शेजारचे विचारत होते, घरी कवायत चालते का. टिंबवाला तुकडा आता हाताला कळायला लागलाय. ‘त – – दि’ने जास्त मदत केली, अटलांटिककाठ ताईंचे आभार. मुलगी आता मलाच विचारते, बाबा, हे किती मोजायचं?

नवीन शंका. पुस्तकात ‘हॅपी बर्थडे’ आहे, ३/४ मध्ये. चाल माहीत आहे म्हणून फोंडेकर रागावतील, पण मोजायला म्हणून घेतलं. पहिल्या घरात फक्त ‘हॅपी’चे दोन क्वेव्हर आहेत, म्हणजे एकच मात्रा. बाकीच्या दोन मात्रा गेल्या कुठे? आणि शेवटच्या घरात दोनच मात्रा. छपाईची चूक आहे का?

फोंडेकर

चूक नाही. तुम्ही स्वतः रोज हेच करता. भजनात पद समेवरूनच उचलता का नेहमी? मुखडा आधीपासून उचलून समेवर येता. हा त्यांचा उठाव. ‘हॅपी’ तिसऱ्या मात्रेवर, ‘बर्थ’ पहिल्या मात्रेवर, म्हणजे वजन ‘बर्थ’वर. ‘डे’ दोन, ‘टू’ तीन, आणि ‘यू’ पुढच्या बारची एक-दोन. मग तिसरीवर पुन्हा ‘हॅपी’. म्हणून आधी ‘एक, दोन’ मोठ्याने मोजा आणि तीनवर शिरा. या पहिल्या अर्धवट घराला बार क्रमांक देत नाहीत, बार क्रमांक एक ‘बर्थ’पासून सुरू होतो. त्याने उसनी घेतलेली एक मात्रा शेवटच्या घरातून कापतात, म्हणून तिथे दोनच उरल्या. गाणं पुन्हा सुरुवातीपासून घेतलंत तर शेवटच्या दोन आणि पहिली एक मिळून पूर्ण घर होतं.

चाल माहीत असलेलं घेतल्याबद्दल रागावलो नाही. ताल वाचायला माहीत असलेली चाल चालते, सूर वाचायला नाही.

टाळकरी

हे एकदम डोक्यात बसलं. वाढदिवसाला टाळ्या वाजवणारी सगळी मंडळी ‘हॅपी’वरच का घाई करतात तेही कळलं.

जाता जाता आणखी एक. दोन गोळ्यांना जोडणारी कमान दोन प्रकारे दिसते. कधी मॅडम म्हणतात दुसरा वाजवू नका, कधी म्हणतात वाजवा. कमान तर सारखीच आहे.

अटलांटिककाठ

दोन्ही गोळे एकाच जागी असतील, म्हणजे एकच सूर, आणि मध्ये दुसरा कुठला सूर नसेल, तर तो टाय. पहिला वाजवायचा आणि दोघांच्या मात्रांची बेरीज होईपर्यंत धरून ठेवायचा. भातखंडे लिपीतली रेघच समजा. टाय बहुतेकदा बारच्या रेघेवरून पलीकडे गेलेला दिसतो, कारण बारच्या पुढे सूर लांबवायला त्यांच्याकडे दुसरा उपाय नाही. गोळे वेगवेगळ्या जागी असतील तर तो स्लर, सगळे वाजवायचे, पण एकाला लागून एक, मध्ये बोट न उचलता. वर कमान बघून मींड समजू नका. भातखंडे लिपीत ती मींड असते, इथे नाही.

फोंडेकर

बरोबर. आणि टाळकरी, उजवा हात बसला की पुढचं पान उघडाल तेव्हा खाली आणखी पाच रेघा आणि वेगळं चिन्ह दिसेल. बेस क्लेफ, डाव्या हातासाठी. तिथे मधल्या रेघेवर सी शोधू नका, तो तिथे नाही. चिन्हाची दोन टिंबं ज्या रेघेच्या वर-खाली आहेत ती एफ, तिथून सुरू करा. बाकी त्यावर वेगळा धागा काढा, हा आधीच फार लांबलाय.